बागेतलं वाचनालय कसं आखावं: बडोद्यासाठी झाडं, खण आणि पडवी यांचा हिशेब

बडोद्यात बागेच्या कडेला सार्वजनिक वाचनालय बांधायचं ठरलं की पहिला नकाशा बहुतेक वेळा दर्शनी बाजूचा निघतो. त्यात एखादा घुमट असतो, ओळीने महिरपी असतात, लक्ष्मी विलास राजवाड्याची आठवण करून देणारा मनोराही असतो. झाडं त्या नकाशात शेवटी हिरव्या गोळ्यांच्या रूपात येतात. हा क्रम उलटा करायला हवा. आधी झाडं आणि पाणी, मग पुस्तकांचं माप, मग सावली, आणि नक्षी सगळ्यांत शेवटी. जुन्या वाड्यातून घ्यायचं ते त्याचं माप आणि त्याची सावली. ती दोन्ही नीट घेतली तर इमारत बागेत आपोआप बसते.

याचे धडे शहरातच आहेत. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे, पण आखणाऱ्याने तिथे लाकडी खांबांमधली अंतरं पाहावीत. सयाजीबागेत १८९४ साली उभी राहिलेली संग्रहालयाची इमारत पाहावी. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालयही आतून पाहावं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्याच परंपरेतल्या या ग्रंथालयात स्नीड कंपनीच्या लोखंडी मांडण्या आहेत आणि मजल्यांना जाड काचेची जमीन आहे. लोखंडाला वाळवी लागत नाही, आग धरत नाही, आणि काचेतून उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो. दिखाऊपणा न करता पुस्तकांची काळजी कशी घ्यावी, हे त्या खोलीत समजतं.

जागा: झाडाचा घेर आणि पुराची खूण

जागेवर पहिलं काम मोजणीदाराचं. प्रत्येक झाडाचं नाव, जमिनीपासून १.४ मीटर उंचीवरचा घेर आणि पसाऱ्याची कड नकाशावर यायला हवी. खोदकामापासून वाचवायच्या वर्तुळाची त्रिज्या खोडाच्या व्यासाच्या बारापट धरतात. टेपने घेर मोजला असेल तर सोपा हिशेब म्हणजे घेराची चौपट. कडुलिंबाचा घेर १६० सेंटीमीटर भरला तर सुमारे साडेसहा मीटरच्या आत पाया, गटार, केबल किंवा सिमेंटचा रस्ता काहीही नको. वडाला हा नियम पुरत नाही. तिथे पारंब्यांसकट सगळा पसारा सोडावा आणि वर आणखी दोन-तीन मीटर. बांधकाम सुरू होण्याआधीच या वर्तुळांना पत्र्याचं कुंपण घालावं. झाडं मरतात ती बहुतेक वेळा कुऱ्हाडीने नव्हे, तर मुळांवर रचलेल्या विटा, उभे केलेले ट्रक आणि ओतलेलं चुन्याचं पाणी यांनी. आणि ती मरतात दोन-तीन वर्षांनी, म्हणजे ठेकेदाराचं बिल चुकतं झाल्यावर.

दुसरी नोंद पाण्याची. विश्वामित्री नदी २०१९ आणि २०२४ च्या पावसाळ्यात वस्त्यांमध्ये शिरली होती. आजूबाजूच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा असतात, जुन्या माळ्यांना उंची माहीत असते. सर्वांत वरच्या खुणेच्या निदान ६० सेंटीमीटर वर जोतं घ्यावं. तळघर नकोच, ‘फक्त जुन्या फायलींसाठी’ सुद्धा नको. नदीच्या कोतरात भराव घालून जागा काढू नये. पाणी आपली वाट सोडत नाही, आणि काठावर मगरींचा वावर असतो. वाचकांचं अंगण नदीकडे उघडायचं असेल तर मध्ये भक्कम कुंपण हवं, आणि रात्रीचे दिवे काठाकडे रोखलेले नसावेत.

कागदपत्रांचं थोडक्यात: बागेच्या आरक्षणात किती बांधता येतं हे महानगरपालिकेकडून लेखी घ्यावं. केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. हे नकाशा काढण्याआधी तपासावं.

पुस्तकांच्या मापाचा वाडा

समजा २०,००० पुस्तकं आणि ८० वाचक एवढी गरज आहे. दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावायची मांडणी ९० सेंटीमीटर रुंद आणि ५० सेंटीमीटर खोल असते. एका फळीवर पाव जागा मोकळी सोडून २५ पुस्तकं, बाजूला सहा फळ्या, म्हणजे एका मांडणीत ३००. अशा ६७ मांडण्या लागतील. दोन मांडण्यांमध्ये १.२ मीटर वाट हवी. त्याहून कमी ठेवली तर चाकाची खुर्ची अडते आणि खालच्या फळीसाठी वाकलेल्या माणसाला मागून धक्का लागतो. आडव्या वाटांसकट हे सगळं सुमारे १३० चौरस मीटर होतं. वाचकामागे २.३ चौरस मीटर धरून १८५, मुलांसाठी ६०, आणि नोंदणी, कचेरी, स्वच्छतागृहं, विजेची खोली मिळून ९५. एकूण ४७० च्या आसपास.

वाड्याची मोजणी खणात होते, आणि दोन तुळयांमधला हा खण साधारण पाच-सहा फुटांचा असतो. मांडणीचे ५० सेंटीमीटर आणि वाटेचे १२० मिळून १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फूट. पुस्तकांचं आजचं माप वाड्याच्या खणात जवळजवळ जसंच्या तसं बसतं, म्हणून सगळी इमारत १.७ मीटरच्या खणावर आखावी.

१२ खणांचा चौरस घ्यावा. बाहेरून तीन खणांची खोली, आत एका खणाची ओसरी, मध्ये चार खणांचा उघडा चौक, पुन्हा ओसरी आणि खोली. बाजू २०.४ मीटर भरते. चारही बाजूंच्या खोल्या मिळून तळमजल्यावर ३१२ चौरस मीटर होतात, आणि उत्तर व पूर्व बाजूंवर मजला चढवला की आणखी १५० च्या वर मिळतात. भिंती आणि जिना यांत दहा-बारा टक्के जागा जाते, तेव्हा पूर्वेची बाजू दोन-तीन खण लांबवण्याची तयारी ठेवावी. दक्षिण आणि पश्चिम बाजू एकमजलीच राहू द्याव्यात. बागेतून येणाऱ्याला आधी बुटकं छप्पर दिसतं, मागे मजला, आणि त्याच्याही वर झाडांचे शेंडे. कौलांचा माथा आठ मीटरच्या आत राहिला तर मोठे कडुलिंब त्याच्या वर राहतात.

पुस्तकांचा मुख्य साठा वरच्या मजल्यावर जातो, कारण पूर. पण मग त्या मजल्याच्या जमिनीची ताकद आली. भारतीय मानकानुसार मांडण्यांच्या खोलीला २.२ मीटर उंचीपर्यंत चौरस मीटरमागे ६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६०० किलो भार धरतात, आणि त्यावरच्या प्रत्येक मीटर उंचीला आणखी २. नुसत्या वाचनाच्या खोलीला याच्या जवळपास निम्मा भार पुरतो. म्हणून ‘सध्या वाचनकक्ष, पुढे कपाटं लावू’ असं म्हणून हलका स्लॅब टाकणं धोक्याचं. प्रत्येक मांडणीच्या रांगेखाली खणाची तुळई येऊ द्यावी. वजन थेट तिच्या डोक्यावर उतरतं आणि मधला स्लॅब पातळ चालतो. मांडण्या खिडकीच्या भिंतीला काटकोनात लावाव्यात, म्हणजे प्रत्येक वाटेच्या टोकाला उजेड मिळतो. बडोदं भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात येतं, तेव्हा मांडण्या खाली बोल्टने बसवून वरून एकमेकींना पट्टीने बांधाव्यात.

वर पुस्तकं म्हणजे लिफ्ट आलीच. तिचा खड्डा पुरात पहिला भरतो. विजेची पेटी वरच्या मजल्यावर ठेवावी आणि खड्ड्याला आतून जलरोधक लेप द्यावा.

प्रवेश एकच, देवडीतून. एका अंगाला नोंदणीचा टेबल, दुसऱ्या अंगाला चौथरा. वर्तमानपत्रं तिथेच ठेवावीत, कारण पेपर वाचणारी मंडळी सकाळी सातलाच येतात आणि त्यांच्यासाठी सगळी इमारत उघडावी लागू नये. उंबरठा मात्र जुन्या पद्धतीचा नको. १२ मिलिमीटरपेक्षा उंच उठाव चाकाच्या खुर्चीला अडतो.

पडवीचा हिशेब

बाग आणि पुस्तकं यांना जोडणारी जागा म्हणजे पडवी. पैसे कमी पडले तर नक्षी गाळावी, फर्निचर नंतर घ्यावं, पण पडवी कापू नये.

बडोदं २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या मध्यान्हीला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, डिसेंबरच्या मध्यान्हीला दक्षिणेकडे ४४ अंशांवर. साध्या दक्षिण खिडकीसाठी ७५ सेंटीमीटरचा छज्जा खालच्या १.८ मीटर उंचीला मार्च आणि सप्टेंबरच्या भर दुपारी पूर्ण झाकतो, आणि थंडीत अर्ध्याहून अधिक काच उन्हात राहते. वाचणाऱ्याला डिसेंबरचं ते ऊन हवंसं वाटतं, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला नाही. म्हणून दक्षिणेला टेबलं आणि उत्तरेला मांडण्या.

खरी परीक्षा पश्चिमेची. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून सुमारे २८ अंशांवर असतो. पडवी २.४ मीटर खोल आणि तिची वळचण जमिनीपासून २.३ मीटर उंच असेल, तर त्या वेळी ऊन भिंतीवर साधारण एक मीटरपर्यंत चढतं. म्हणून पश्चिमेच्या खिडक्यांचा तळ एक मीटरवर घ्यावा. पाचनंतरचं ऊन अडवायला बाहेर झाड किंवा जाळी लागेल. नवं झाड लावायचं तर इमारतीपासून दहा-बारा मीटरवर, कारण पुढे मातीच्या हिशेबात येईल. वळचण २.३ पेक्षा उंच नेण्याचा मोह आवरावा. भव्य दिसते, पण सावली निघून जाते आणि पाऊस आत येतो.

खोल पडवीने आत अंधार होतो, ही तक्रार रास्त आहे. उपाय असा, की खोली फक्त तीन खणांची, ५.१ मीटरची आहे आणि तिला दुसऱ्या बाजूने चौकाचा उजेड मिळतो. खिडकीचा माथा २.७ मीटरवर नेऊन वरच्या ४०-५० सेंटीमीटरमध्ये फक्त साधी काच ठेवावी. पडवीचं छत आतून पांढऱ्या चुन्याचं असू द्यावं, गडद तक्तपोशी नको. टेबलावर ३०० लक्स आणि खालच्या फळीवर निदान १०० लक्स उजेड मोजून पाहावा.

मुलांचा कक्ष खेळाच्या मैदानाकडे ठेवावा आणि अभ्यासिका मोठ्या झाडांकडे. बागेत आवाज राहणारच, तो योग्य खोलीकडे वळवायचा.

काळी माती, मुळं आणि पाया

बडोद्याच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. झाडाची मुळं तिच्यातलं पाणी शोषतात, त्यामुळे झाडाकडची बाजू जास्त आकसते आणि भिंतीला तिरकी भेग पडते. मग दोष झाडाला दिला जातो आणि झाड तोडलं जातं. तोडल्यावर माती पुन्हा ओली होऊन फुगते आणि नवी भेग पडते. बागेतल्या इमारतीसाठी ही साखळी समजून घेणं सर्वांत महत्त्वाचं आहे.

आधी मातीचा ‘फ्री स्वेल’, म्हणजे पाण्यात ती किती फुगते ते, प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. तो ५० टक्क्यांच्या वर गेला तर उथळ पाया विसरावा आणि खाली फुगवटा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्याव्यात. नेहमीचं माप म्हणजे ३० सेंटीमीटरचं खोड आणि त्याच्या अडीचपट, ७५ सेंटीमीटरचा फुगवटा. दोन पाइलच्या मध्यांत फुगवट्याच्या दुप्पट, म्हणजे दीड मीटर अंतर. खोली निदान साडेतीन मीटर, मोठ्या झाडाजवळ जास्त, कारण तिथे माती खोलवर सुकते. दोन खणांवर एक, म्हणजे ३.४ मीटरवर खांब आले तर या मापांना भरपूर जागा राहते. वरची जोड-तुळई जमिनीला टेकू द्यायची नाही. खाली किमान ८० मिलिमीटर पोकळी ठेवावी, नाहीतर फुगणारी माती तीच तुळई वर ढकलते. हीच पोकळी मुळांनाही वाट देते. गवंडी ती विटांच्या तुकड्यांनी भरून टाकतात, तेव्हा जोत्याचं काम चालू असताना स्वतः वाकून पाहावं.

झाडांच्या बाजूचे खड्डे हाताच्या ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, घ्यावेत. पाच सेंटीमीटरपेक्षा जाड मूळ लागलं तर ते कापू नये, पाइल सरकवावी.

वाळवीसाठी पायाच्या खड्ड्याच्या तळाला व बाजूंना, आणि जोत्याच्या भरावावर चौरस मीटरमागे ५ लिटर द्रावण, तर भरावाला लागून असलेल्या भिंतीच्या उभ्या भागाला साडेसात लिटर असं मानक आहे. पाऊस पडत असताना हे काम करू नये. द्रावण वाहून नदीत जातं आणि वाळवी राहते. झाडांच्या राखीव वर्तुळांत औषध टाळून तिथे दगडी जोतं उघडं ठेवावं, म्हणजे वाळवीच्या मातीच्या नळ्या डोळ्यांना दिसतात.

जोतं ७५ सेंटीमीटर उंच झालं तर १:१२ चा उतार ९ मीटर लांब लागतो आणि कठडेही लागतात. बागेत त्याहून चांगली सोय करता येते. येणारी पायवाटच १५ मीटरमध्ये १:२० ने चढवत देवडीपर्यंत आणावी. चाकाची खुर्ची, म्हातारी माणसं आणि पुस्तकांची ढकलगाडी सगळे एकाच वाटेने येतात आणि वेगळा रॅम्प दिसतच नाही. मात्र हा भराव मुळांवर टाकायचा नाही, वर्तुळाच्या बाहेरूनच वाट न्यायची.

छप्पर, चौक, भिंत

बाहेरच्या वळचणीला पन्हळ लावू नये. झाडांखाली पन्हळ आठ दिवसांत पानांनी भरते आणि पाणी भिंतीत उतरतं. पागोळ्या थेट खाली पडू द्याव्यात, पण काळ्या मातीवर नव्हे. जोत्याभोवती दोन मीटर रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी आणि तिच्यात गोट्यांची उघडी नाली हवी.

चौकात मात्र पाणी गोळा होतंच. आतले उतार, ओसरी आणि चौक मिळून सुमारे २६० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर २६,००० लिटर. बाहेर काढायच्या वाटा दोन आणि स्वतंत्र असाव्यात, कारण एक पिंपळपानांनी तुंबणारच. जिथे पाइपने पाणी उतरवायचं तिथे छपराच्या दर ४० चौरस मीटरला १०० मिलिमीटरचा एक पाइप धरावा. बाहेर जाणाऱ्या नळाला उलट पाणी रोखणारी झडप हवी. ती नसली तर पुराच्या वेळी नदी चौकातून आत येते.

मांडण्यांच्या खोलीवर दोन उतार आत मिळतील असा कोपरा किंवा पाण्याची टाकी कधीही नको. तिथे उतरता स्लॅब, त्यावर जलरोधक थर, मग पट्ट्यांवर कौलं आणि मध्ये हवेची पोकळी. पडवीवर नुसती कौलं पुरतात, उतार २५ ते ३० अंश. दरवर्षी काही कौलं फांद्यांनी आणि वानरांनी फुटतात, म्हणून शंभर-दोनशे जास्तीची त्याच भट्टीची घेऊन ठेवावीत.

बाहेरच्या भिंती १४ इंची विटांच्या, गिलावा चुन्याचा. विरवलेला चुना गाळून निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवावा, चुना-वाळू १:३, एका वेळी १२ मिलिमीटरचा थर, आणि दहा-चौदा दिवस ओलसर ठेवायचा. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावं. मे महिन्यात थर बाहेरून सुकतो, आतून कच्चा राहतो आणि पापुद्रे सुटतात. घाई म्हणून त्यात सिमेंट मिसळू देऊ नये. भिंतीचा श्वास कोंडतो आणि ओल आतल्या बाजूला येते.

सागवान पडवीच्या खांबांपुरतंच घ्यावं. खांब दगडी तळखड्यावर उभा राहावा, निदान ३० सेंटीमीटर उंचीवर, आणि मध्ये गजाची खुंटी. लाकडाचं टोक फरशीत गाडलं की चार पावसाळ्यांत कुजतं. सुरूच्या आकाराचे खांब आणि तुळईला आधार देणारे केळफुलाचे हस्त देवडीत करावेत, जिथे हात लावून पाहता येतात. वर सिमेंटच्या साच्यातली नक्षी लावण्यापेक्षा साधी भिंत बरी.

पुस्तकांचे शत्रू

पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि ६५ च्या वर बुरशी धरते. चौकाच्या खेळत्या हवेचा अभिमान बाळगून जुलैत मांडण्यांच्या खोलीची दारं उघडी ठेवणं हीच सर्वांत महागडी चूक. वाचनकक्ष उघडा असू द्यावा, पुस्तकांची खोली बंद करता आली पाहिजे. तिथे आर्द्रता मोजणारं यंत्र, पंखे आणि दमटपणा शोषणारं यंत्र हवं. मांडणी बाहेरच्या भिंतीपासून १५ सेंटीमीटर दूर, सर्वांत खालची फळी जमिनीपासून १५ सेंटीमीटर वर. दुर्मीळ मराठी-गुजराती पोथ्या आणि जुने अंक वेगळ्या छोट्या खोलीत ठेवावेत.

कबुतरांसाठी प्रत्येक आडवी पट्टी ४५ अंशांहून तिरकी करावी, किंवा करूच नये. झरोक्यांना आतून बारीक जाळी, आणि ती स्क्रूने बसवलेली, म्हणजे काढून धुता येते. पावसाळ्याच्या तोंडावर दिव्यांभोवती किडे जमतात, तेव्हा पडवीतले दिवे मंद पिवळे आणि खाली रोखलेले असावेत.

वार्षिक देखभाल बांधकामाच्या करारातच लिहून घ्यावी. मे अखेर कौलं, नाल्या आणि झडप तपासणं. ऑक्टोबरात जोत्यावर आणि माथ्यावर उगवलेली वड-पिंपळाची रोपं मुळासकट काढणं. बोटभर असताना ती हाताने निघतात, दुसऱ्या वर्षी भिंत फोडावी लागते. जोड-तुळईखालची पोकळी दर वर्षी मोकळी आहे का, ते पाहणं. आणि राखीव वर्तुळांतल्या झाडांची तपासणी पाच वर्षं, त्यासाठी ठेकेदाराच्या अनामत रकमेचा काही भाग तोपर्यंत रोखून ठेवणं.